चिंधीचा नेम

मराठी माणूस बंदूक फारशी हातात धरत नाही, पण त्याच्या तोंडात ती कायम असते. वक्ते मुद्दा ठासून सांगतात. मुलीचे वडील 'यंदा बार उडवून टाकू' म्हणतात. विझत आलेल्या भांडणाला शेजारीण हळूच बत्ती देते, आणि ज्याच्यावर सगळ्या ऑफिसची भिस्त तो ऐनवेळी फुसका बार निघतो. तोफ आणि ठासणीची बंदूक या दोघी बहिणींनी आपल्या भाषेत एवढा दारूगोळा साठवून ठेवला आहे की तो अजून संपलेला नाही.

ठासणीची बंदूक म्हणजे पुढून भरायची बंदूक. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची (ही दारू सोरा, गंधक आणि कोळशाची, ज्यांना दुसरीची आठवण झाली त्यांनी जरा दम धरावा), मग शिशाची गोळी सोडायची आणि गजानं ती तळापर्यंत ठासायची. आमच्या विदर्भात, गडचिरोलीच्या बाजूला, हिला 'भरमार' म्हणतात. भर आणि मार! वापरण्याची सगळी कृती नावातच आली. मारलेलं लागेल की नाही, याबद्दल मात्र ते नाव एक अक्षर बोलत नाही. आणि या बंदुकीचा खरा इतिहास त्या न बोललेल्या अक्षरातच आहे, असं माझं मत झालं आहे.

माझ्या मताला किंमत किती, हा प्रश्न रास्त आहे. मी बी. कॉम., तेही दुसऱ्या वर्गात. इतिहासाचा आणि माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर सुटला. पण माझी बँक सीताबर्डीच्या टेकडीच्या पायथ्याशी आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात जिथं माणसं गोळ्या ठासत होती, तिथंच मी पासबुकं छापतो. शिवाय माझ्या नोकरीत आणि त्या बंदुकीत एक भांडण सामाईक आहे : काम भराभर हवं की बरोबर हवं? काउंटरपलीकडच्या रांगेला ते भराभर हवं असतं, संध्याकाळी रोकड जुळवताना तेच बरोबर झालेलं हवं असतं, आणि मधल्या माणसाला कुणीच काही विचारत नाही.

या विषयात मला ढकललं ते माझ्या मेव्हण्यानं. हा गृहस्थ मूळचा महालातला, आणि गेली पंधरा वर्षं अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात संगणकाच्या नोकरीत. त्या राज्यात नाताळ झाला की हरणांच्या शिकारीचा एक खास हंगाम असतो. त्यात फक्त चकमकीच्या, पुढून भरायच्या बंदुका चालतात. दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे साधलं ते आपल्याला साधतं का, ही त्यामागची हौस. मेव्हणा शुद्ध शाकाहारी, तो हरणाच्या वाटेला जात नाही. पण शेजाऱ्यानं त्याला एकदा मैदानावर नेलं आणि तेव्हापासून तो दर शनिवारी पन्नास यार्डांवरच्या कागदावर गोळ्या मारतो. सासूबाईंना यातलं इतकंच कळलं आहे की पोरगा कागदाला भोकं पाडतो. "त्यासाठी एवढ्या लांब कशाला जायला हवं होतं?" असं त्या विचारतात, आणि याला कुणाकडेच उत्तर नाही.

एका रविवारी त्याचा फोन आला. "भाऊजी, माझी चिंधी जळतेय."

"मग आधी गॅस बंद कर," मी म्हणालो.

त्याचं म्हणणं वेगळं होतं. ते समजायला मला तीन रविवार लागले. तुम्हाला एवढा वेळ लागू नये म्हणून जरा मुळापासून सांगतो.

गोळी तोंडातून टाकून तळापर्यंत सरकायला हवी, तर ती नळीपेक्षा बारीक असायला हवी. कंपनी सरकारच्या शिपायाकडे जी मस्केट असे तिची नळी पाऊण इंच रुंद, आणि गोळी तिच्याहून सुमारे दीड मिलिमीटरनं कमी. दीड मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं? पण तेवढ्या मोकळ्या जागेत ती गोळी नळीच्या भिंतींवर आपटत, लटपटत बाहेर येते, आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला लागला असेल तशी स्वतःभोवती गिरकी घेत सुटते. ही गिरकी कुठल्या बाजूची, ते गोळीलाही आधी ठाऊक नसतं. मग फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच वळतो तशी गोळीची वाट वाकते. म्हणजे नेम चांगला, डोळा चांगला, मनही निर्मळ, आणि गोळी शेजारच्या चिंचेत.

हे कोडं सोडवलं बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणित्यानं. त्याचं तोफविद्येवरचं पुस्तक १७४२ साली निघालं. त्यानं केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. त्यानं बंदुकीच्या नळीचं तोंड मुद्दाम डावीकडे वाकवलं, आणि गोळीच्या वाटेवर पातळ कागदाचे पडदे टांगले. नळी डावीकडे वाकडी, म्हणजे गोळी डावीकडे जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पहिल्या पडद्यांवर भोकं डावीकडेच पडली. पण पुढे गोळी हळूहळू वळत वळत उजवीकडे गेली! वाकड्या तोंडातून निघताना ती नळीच्या उजव्या भिंतीला घासली होती, आणि त्या घासण्यानं आलेली गिरकी तिला उजवीकडे ओढत होती. ऑयलरनं, म्हणजे त्या काळातल्या सगळ्यात मोठ्या गणित्यानं, रॉबिन्सचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, पण हे गिरकीचं कारण त्याला पटलं नाही. रॉबिन्सचं बरोबर होतं. मोठ्या साहेबाला न पटलेलं बरोबर असू शकतं, याचा एवढा जुना आणि छापील दाखला मला दुसरा माहीत नाही.

गिरकी टाळता येत नसेल तर ती आपणच ठरवून द्यावी, हा यावरचा उपाय. नळीच्या आत आटे पाडायचे. बोल्टाला असतात तसेच, पण फार लांबट : चार ते सहा फुटांत एक फेरा. त्या आट्यांत धरली गेलेली गोळी भोवऱ्यासारखी सरळ फिरत सुटते, आणि फिरणारा भोवरा जसा पडत नाही तशी ती वाट सोडत नाही. असे आटे पाडण्याची विद्या जर्मन मुलखात रॉबिन्सच्याही आधी दोन-अडीचशे वर्षांपासून होती. पंचाईत एवढीच, की आट्यांत धरायची तर गोळी घट्ट हवी, आणि घट्ट गोळी तोंडातून आत घालायची तर हातोडी हवी.

ही पंचाईत सोडवली चिंधीनं. गोळी नळीपेक्षा अगदी किंचित बारीक ठेवायची. तेला-चरबीत माखलेली सुती कापडाची चकती नळीच्या तोंडावर पसरायची, तिच्यावर गोळी ठेवायची आणि दोघींना गजानं खाली न्यायचं. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळासारखी गोळी आत जाऊन बसते. कापड आट्यांत शिरतं, गोळीला पकडतं आणि मागच्या धुराला पुढे पळायला फट ठेवत नाही. बार झाला की गोळी आपल्या कामाला जाते आणि चिंधी दहा-पंधरा पावलांवर गवतात पडते. शिसं लोखंडाला शिवतसुद्धा नाही. सगळं सोवळ्यातलं काम.

अमेरिकेत जाऊन राहिलेल्या जर्मन कारागिरांनी अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातच अशा लांब नळीच्या रायफली घडवल्या. म्हणजे आमचा मेव्हणा चुकून का होईना, योग्य गावी पोचला होता.

आता नेम सुधारायचा तर काय सुधारावं? डोळा, हात, श्वास, असं कुणीही म्हणेल. मेव्हण्याच्या क्लबातल्या म्हाताऱ्यांनी त्याला सांगितलं, आधी खाली वाकून चिंधी उचल आणि ती वाच. उडालेली चिंधी म्हणजे बंदुकीचं पासबुक. मधोमध काळं वर्तुळ, कडा जरा उसवलेल्या, बाकी कापड धड, तर हिशेब जुळला. मधोमध जळून भोक पडलं असेल तर कापड पातळ आहे, वंगण कमी आहे किंवा दारू जास्त झाली आहे. आट्यांच्या रेषांवर चिरलं असेल तर नळीची तोंडाकडची धार जास्त तीक्ष्ण आहे. एका बाजूला फाटलं असेल तर गोळी मधोमध बसलेली नव्हती. मेव्हण्यानं जुन्या चादरीच्या चकत्या कापल्या होत्या, आणि त्या सगळ्या जळत होत्या. फोनवरचं वाक्य ते होतं.

पुढचं सगळं ऐकताना मला वाटलं, ही बंदूक नव्हे, ही तर आमची शाखा. दारू दर वेळी त्याच मापानं, तेवढीच. गोळ्या ओतल्यावर एकेक तोलून बघायची. हलकी निघाली तर तिच्या पोटात पोकळी आहे, ती बाजूला. (मेव्हण्याच्या अर्ध्या इंची नळीची गोळी साडेअकरा ग्रॅमची, म्हणजे जवळजवळ एक तोळा. "तोळ्याची का होईना, शिशाची आहे ना?" असं बायकोनं विचारून घेतलं.) साच्यातून काढताना गोळीवर राहिलेलं टोक नेहमी वरच्या बाजूला ठेवायचं. गजावर एक खूण करायची : गोळी दारूला टेकली की खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायला हवी. खूण वर राहिली तर गोळी मध्येच अडकली आहे, आणि तशी ती उडवणं म्हणजे नळी फाटण्याला आमंत्रण. प्रत्येक बारानंतर नळी ओलसर फडक्यानं पुसायची, कारण या दारूचा अर्ध्याहून जास्त भाग काजळी होऊन मागे राहतो आणि पाचव्या बाराची नळी पहिल्या बाराच्या नळीपेक्षा अरुंद झालेली असते. चाप ओढल्यावर ठिणगी पडून, रंजक पेटून मग बार होतो. तेवढा वेळ हलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कापड बदललं तर दारू तीच ठेवायची, दारू बदलली तर कापड तेच. पाच बार काढायचे, वहीत लिहायचं, मग पुढचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. आमच्या वरच्या ऑफिसानं एकाच सोमवारी संगणकाची प्रणाली, कामाच्या वेळा आणि शाखाधिकारी असं तिन्ही बदललं होतं. पुढे काय झालं ते वाचकांना ठाऊक आहे. त्यातले काही त्या रांगेत असतील.

चिंधीला उत्तम कापड कोणतं, तर गादीच्या खोळीचं. घट्ट विणीचं, पट्ट्यापट्ट्यांचं. मेव्हण्याला ते नागपूरचंच हवं होतं. त्यानं जाडीही कळवली : ०.३८ मिलिमीटर. मी शेजारच्या अकरावीतल्या मुलीचा स्क्रू गेज मागून घेतला आणि बायकोसह गांधीबागेतल्या कापडबाजारात गेलो. दुकानदारानं ठाण उलगडलं. मी खिशातून गेज काढून कापडाचं टोक त्यात धरलं. तो थोडा वेळ बघत राहिला.

"भाऊ, कापड घेऊन राहिले का सोनं?"

मी म्हटलं, जाडी नेमकी हवी.

"चाळीस वर्स झाले मले धंद्यात. लोकं रंग पायतात, धुतल्यावर आटते का इचारतात. जाडी मोजणारे तुमीच पयले. किती गाद्या हायेत?"

"गादी नाही, बंदूक आहे," मी खरं ते सांगितलं. बायकोनं कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता.

"मंग बंदुकीले खोय शिवून राहिले का?"

०.४० चं मिळालं. ठासताना तेवढं दबतं, असा पेनसिल्व्हेनियाहून निर्वाळा आला.

आता मला छळणारा प्रश्न. चिंधीनं एवढं साधत असेल, तर सैन्यांनी ती सरसकट का घेतली नाही? उत्तर अगदी बँकेतलं आहे : वेळ आणि खर्च. कसलेला मस्केटवाला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. चिंधीवाला एक, फार तर दोन. आट्यांची नळी महाग, ती वापरायला शिकवणं त्याहून महाग. सेनापतींचं गणित घाऊक होतं. एकेकाच्या नेमाची गरजच काय? पाचशे जणांनी एकदम गोळ्या सोडल्या की समोरचे काही पडतातच. जॉर्ज हँगर नावाच्या इंग्रज कर्नलानं १८१४ साली साफ लिहून टाकलं, की शे-दीडशे यार्डांपलीकडे ज्याच्यावर नेम धरला तोच माणूस साध्या मस्केटनं लागला तर ते त्याचं दुर्दैव, नेम धरणाराचं कसब नव्हे. इंग्रजांनी १८०० साली बेकर रायफल घेतली खरी. सात आट्यांची, दस्त्यात चिंध्या ठेवायला पितळी झाकणाची डबी, आणि सुरुवातीला तर गोळी ठोकायला लाकडी हातोडीसुद्धा! पण ती निवडक पलटणींपुरती. बाकीच्यांना तीच गुळगुळीत नळी.

आणि रॉबिन्स? १७४७ साली त्यानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचून सांगितलं होतं, की आट्यांच्या नळीचं मर्म जे राष्ट्र पुरतं ओळखेल आणि आपल्या फौजेला ती वापरायला शिकवेल, ते इतरांच्या पुढे जाईल. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याला नोकरी दिली कुणी, तर ईस्ट इंडिया कंपनीनं. मुख्य इंजिनिअर म्हणून तो १७५० मध्ये इकडे आला, मद्रासकडचे किल्ले दुरुस्त करायला लागला, आणि २९ जुलै १७५१ ला कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये तापानं गेला. हातात लेखणी असतानाच गेला, असं सांगतात. कारकुनाच्या अंगावर काटा यावा असं मरण. गोळी का चुकते हे जगात ज्याला सगळ्यात आधी कळलं, तो कंपनीच्या पगारावर, कंपनीच्या किल्ल्यात मेला. आणि कंपनीनं पुढची शंभर वर्षं आपल्या बहुतेक शिपायांच्या हातात चुकणारी नळीच दिली. अहवाल दप्तरी दाखल होणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज नाही.

हे सगळं माझ्या काउंटरपासून हाकेच्या अंतरावर येऊन पोचलं ते २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी. आज आपण १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला जो सीताबर्डीचा किल्ला बघायला रांग लावतो, तो तेव्हा नव्हता. तो लढाईनंतर बांधला. तेव्हा होत्या फक्त दोन उघड्या टेकड्या, एक मोठी, एक लहान. तिकडे पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची आणि इंग्रजांची ५ नोव्हेंबरला खडकीला जुंपली होती. इकडे अप्पासाहेब भोसल्यांनी २४ तारखेला पेशव्याकडून आलेली सेनापतिपदाची वस्त्रं समारंभानं घेतली. रेसिडेंट जेंकिन्सला जे समजायचं ते समजलं. त्याच्याकडे माणसं सुमारे १,४०० : मद्रासच्या २० व्या आणि २४ व्या पलटणींतले शिपाई, रेसिडेन्सीचे पहारेकरी, बंगालच्या घोडदळाच्या तीन तुकड्या. भोसल्यांची फौज १८,००० च्या आसपास, आणि तिच्यात तीन-चार हजार अरब.

हे अरब म्हणजे नागपूरकरांच्या नोकरीतलं सगळ्यात चिवट पायदळ. त्यांच्याकडे तोडेदार बंदुका. चकमक नाही, जळत्या दोरीनं रंजकाला बत्ती द्यायची. कवायती शिपायाला हसू यावं असं जुनं यंत्र. भरायला सावकाश, पावसात निकामी, रात्री तोड्याचा लाल ठिपका लांबून दिसणार. पण नळी लांब, आणि मागचा माणूस आडोसा घेऊन, घाई न करता मारणारा. तिच्यात चिंधी नव्हती, पण चिंधीचा स्वभाव होता. समोर मद्रासी शिपायाची मस्केट : झटपट भरणारी, दीड मिलिमीटरची फट राखून असलेली, आणि पाचशे जणांनी एकदम झाडली तरच अर्थ असलेली. अंधारात, उघड्या टेकडीवर, घरांच्या आड दडलेल्या माणसांवर पाचशे जणांनी एकदम काय झाडायचं?

रात्रभर मारा चालला. सगळा भार लहान टेकडीवर. २४ व्या पलटणीची तिथं इतकी नासाडी झाली की पहाटे तिला मोठ्या टेकडीवर आणून तिच्या जागी दुसरे शिपाई पाठवावे लागले. आणि सकाळी अरबांनी चढाई करून लहान टेकडी घेतलीच. लढाई तिथं संपायची. पण घोडदळाचा कॅप्टन फिट्झजेराल्ड हल्ल्याची परवानगी मागत होता आणि त्याला ती मिळत नव्हती. करायचाच तर नोकरी पणाला लावून कर, असा निरोप वरून आला, आणि मग नोकरीच्या जबाबदारीवर करतो, असं म्हणून त्यानं घोडे घातले, अशी हकिगत इंग्रज इतिहासकारांनी मोठ्या चवीनं दिली आहे. लेखी मंजुरीशिवाय एवढं मोठं काम! मी तर हा परिच्छेद दोनदा वाचला. घोडदळानं भोसल्यांच्या तोफा घेतल्या, तेवढ्यात लहान टेकडीवर अरबांच्या मध्येच दारूची गाडी उडाली, आणि त्या गोंधळात पायदळानं संगिनी रोखून टेकडी परत मिळवली. दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

म्हणजे निकाल लावला तलवारीनं, संगिनीनं आणि अपघातानं, गोळीनं नव्हे. पण माणसं मारली ती गोळ्यांनी आणि तोफांनी. कंपनीच्या १,४०० पैकी साडेतीनशेच्या वर मेले किंवा जखमी झाले, म्हणजे दर चारांतला एक. त्यातले बहुतेक मद्रासकडचे शिपाई, ज्यांच्या हातात काय द्यायचं हे लंडनमधल्या खर्चाच्या हिशेबानं ठरलं होतं. मृतांत सोथबी नावाचा रेसिडेंटचा मुलकी मदतनीस होता. हा आमच्यातला. कागदपत्रांचा माणूस. लढाईच्या रात्री साहेबाजवळ थांबला आणि गेला. टेकडीखालून मेट्रोत चढताना मला कधीकधी त्याची आठवण येते.

चिंधीवाले कंपनीकडे अगदीच नव्हते असं नाही. त्याच वर्षी २१ डिसेंबरला माळव्यात महिदपूरला होळकरांशी लढाई झाली, तिथं मद्रासचं एक रायफलवालं पथक होतं. नागपूरच्या वाट्याला ते आलं नाही, एवढंच. आणि सावकाश नेमाची खरी किंमत कळली ती टेकडीवर नव्हे, शहरात. १६ डिसेंबरला जनरल डव्हटननं भोसल्यांची फौज मोडली, पण अरब शहरात शिरून बसले. २४ तारखेला इंग्रजांनी महालाच्या जुम्मा दरवाजावर, म्हणजे आजच्या गांधी गेटवर, हल्ला केला. भिंतीआडून नेम धरणारा माणूस आणि उघड्यावर धावत येणारा माणूस, यांत मिनिटाला तीन बार काय कामाचे? हल्ला फसला. शेवटी बोलणी झाली, आणि ३० डिसेंबरला अरब आपली बायकामुलं आणि चीजवस्तू घेऊन शहराबाहेर पडले. त्यांना हाकलून कुणी काढलं नाही. मेव्हण्याचं घर गांधी गेटपासून पाच मिनिटांवर, पण हे त्याला पेनसिल्व्हेनियाला मीच सांगितलं.

पुढे चिंधीची जागा कागदानं घेतली. १८५३ च्या एन्फील्ड रायफलीत लांबट गोळी असे, आणि काडतुसाचा चरबी लावलेला कागदच गोळीभोवती आत जाऊन चिंधीचं काम करी. नेम एकदम कितीतरी पटीनं सुधारला. शंभर वर्षांनी का होईना, कंपनीनं रॉबिन्सचं ऐकलं! काम बरोबर झालं, पण ते वंगण कशाचं, हे शिपायाला विश्वासात घेऊन कुणी सांगितलं नव्हतं, आणि काडतूस तर दातानं फाडायचं. १८५७ च्या जानेवारीत डमडमला कुजबुज सुरू झाली. मग सरकारनं घाईघाईनं सांगितलं, की शिपायांनी वाटेल ते तेल-मेण स्वतःच्या हातानं लावावं. पुढे दाताऐवजी हातानं फाडण्याचीही मुभा दिली. तोवर गोळी नळीतून सुटली होती. आमच्या नागपुरातही टाकळीच्या घोडदळाचा १३ जूनला उठायचा बेत होता. तो फसला आणि माणसं फासावर गेली. उठावाची कारणं पुष्कळ होती, नागपूर खालसा होऊनही तीनच वर्षं झाली होती. पण ठिणगी पडली ती नेम सुधारणाऱ्या वंगणावर. आणखी नऊ वर्षांनी, १८६६ मध्ये, मागून भरायची स्नायडर आली. गज गेला, ठासणं गेलं. चिंधी उरली ती हौशी लोकांपुरती.

त्या हौशी लोकांतल्या आमच्या माणसाचा परवा पुन्हा फोन आला. गांधीबागेचं कापड जळत नाही. पन्नास यार्डांवर पाच गोळ्या चहाच्या बशीत मावतील एवढ्या जागेत पडल्या. कापड जमलं, दारूचं माप जमलं, आता एका वेळी एक या नियमानं त्यानं वंगण हाती घेतलं आहे. तिकडे त्याच्या तयार डब्या मिळतात म्हणे. हे ऐकून सासूबाईंनी माझ्या हातातला फोन घेतला आणि कशाची चरबी आहे ते डबीवर नीट वाचून मगच हात लाव, असं त्याला दोनदा बजावलं.